वरच्या रानातली बाग

तिला सगळे रोपाताई म्हणत. खरं नाव पासबुकावर आणि नवऱ्याच्या रागात, अशा दोनच ठिकाणी उरलं होतं, आणि नवरा तर फारसा रागवायचाही नाही. गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून, उतारावरच्या एका चिंचोळ्या पट्टीत तिची नर्सरी होती. रंगाऱ्याने पाटीवर नुसतं 'नर्सरी' एवढंच लिहून ठेवलं होतं. त्यामुळे वर्षाकाठी दोन-चार आईबाप पोराला कडेवर घेऊन यायचे आणि प्रवेश कधी सुरू होणार म्हणून विचारायचे. रोपाताई चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची, "ठेवून जा. पाणी रोज घालू, ऊन लागू देणार नाही. दीड वर्षानं मात्र घेऊन जावं लागेल." मग ती हसायची, तेही हसायचे, आणि जाताना बहुतेकजण गुलाबाचं एखादं रोप घेऊन जायचे.

गुलाब हा तिचा वरखर्चाचा धंदा. खरा धंदा संत्र्याच्या कलमांचा. जंगली लिंबाचं रोप बोटाएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा अलगद सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोळा फुटला की वरचं लिंबू छाटून टाकायचं. मुळं लिंबाची राहतात, फळ संत्र्याचं येतं. हे काम ती लग्नाआधी एका सरकारी बागेत रोजंदारीवर शिकली होती. बाकीचे लोक बाजारातली पांढरी पट्टी वापरत. रोपाताई मात्र निळ्या पातळ पिशव्या कापून त्यांच्या पट्ट्या करायची. त्या फुकट पडायच्या आणि लांबून दिसायच्याही.

जमीन वडिलांची. वाटणी झाली तेव्हा दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, खालचं सपाट रान आणि टेकडीमागचं वरचं रान स्वतःकडे ठेवलं आणि तिला ही रस्त्याकडची पट्टी दिली. लोक म्हणाले, दगड दिले बहिणीला. रोपाताई त्यांच्यावरच उखडायची. दगड तर दगड, पण दिले ना? न मागता दिले. दादाबद्दल तिला कुणी वाकडा शब्द बोललेला चालत नसे. तिने बसड्रायव्हरशी लग्न ठरवलं तेव्हा घरात महाभारत झालं होतं. तेव्हा एकटा दादा तिच्या बाजूने उभा राहिला. सायकल त्याने शिकवली, पहिली छाटणीची कात्री त्याने आणून दिली. नर्सरीच्या पहिल्या वर्षी कुत्रंही फिरकेना, तर हा रोज संध्याकाळी येऊन बाकावर बसायचा. गिऱ्हाईक असल्यासारखं दिसावं म्हणून.

तो बसड्रायव्हर आता निवृत्त होऊन स्वतःचा टेम्पो चालवायचा आणि तिची रोपं गावोगाव पोचवायचा. ती त्याला चिडवून ड्रायव्हरसाहेब म्हणायची. 'चालकाशी बोलू नये' ही बसमधली पाटी त्याने घरातसुद्धा लावून घेतली आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माणूस अबोल, पण कामाला वाघ. नर्सरीत हाताखाली एक बाई होती, तिला सगळे हसरी म्हणत, कारण तिचे दात आजवर कुणी पाहिले नव्हते. असा हा तिघांचा कारभार बरा चालला होता.

मग ती दुपार आली. आभाळ तासाभरात असं काही काळवंडलं की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. आधी वारा आला आणि त्याने शेडनेटचं छप्पर एका बाजूने उचललं. रोपाताई आणि हसरी दोऱ्या धरून लोंबकळत होत्या तोवर गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. दोघी माती भरायच्या टेबलाखाली शिरल्या आणि पत्र्याच्या डब्यावर कुणी दगडांचा मारा करावा तसा तो आवाज ऐकत बसल्या. फार वेळ चाललं नाही. पण बाहेर आल्या तेव्हा नर्सरी राहिली नव्हती. लोखंडी पाइप कमरेतून वाकले होते, जाळी रस्त्यापलीकडच्या तारांवर जाऊन अडकली होती, आणि विक्रीला तयार झालेली कलमं ओळीच्या ओळी मोडून पडली होती. बहुतेक डोळ्याच्या जागीच मोडली होती, कारण जोड तिथेच असतो. आणि सगळ्या उतारावर संत्र्याच्या चुरगळलेल्या पानांचा वास दरवळत होता. इतका गोड की हसरीने पदर नाकाला लावला.

सगळ्यांच्या आधी दादा आला. चिखलातून चपला हातात घेऊन आला. उलट्या पडलेल्या डब्यावर तिच्याशेजारी बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "रडू नकोस. मी आहे ना." रोपाताई रडत नव्हती. तिला रडूच येत नव्हतं. पण त्या हाताने तिला जरा श्वास घेता आला.

आठवड्याभरात सरकारने मदत जाहीर केली. ज्यांची शेतं, बागा गारांनी गेल्या, त्यांना नुकसानभरपाई. रोपाताई धुतलेली साडी नेसून कचेरीत गेली. कारकुनाने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की नियमाप्रमाणे पीक म्हणजे जमिनीत मुळं असलेलं. तुमची मुळं पिशवीत आहेत, तेव्हा तो माल झाला. पिशवीत मातीच आहे, साखर नाही, असं ती म्हणाली. तोही हसला, पण त्याने तिला व्यापार खात्याकडे धाडलं. व्यापार खात्यातला माणूस म्हणाला, उगवतं ना? मग ती शेती. घरी येऊन तिने दोन्ही साहेबांच्या नकला करून दाखवल्या. त्या दिवसांत ड्रायव्हरसाहेब पहिल्यांदा हसला.

मोडक्या रोपांचा मात्र घोर लागला होता. जखमी सालीवर बुरशी धरते, आणि ती एकदा पसरली की नव्या रोपांचंही वाटोळं करते. सगळा ढीग लांब नेऊन टाकायला हवा होता. तेव्हा दादाच आपण होऊन म्हणाला, "तुला तसंही काही मिळायचं नाही. वरच्या रानात मोठा खड्डा आहे, तिथे टाकून देऊ. तू नको त्या बाजूला येऊस, बघवणार नाही तुला." तिला ते खरं वाटलं. बघवणार नव्हतंच. ड्रायव्हरसाहेब टेम्पो भरभरून नेऊ लागला. एकदा तिच्या नजरेला आलं की तो आणि दादा रोपं नुसती फेकत नाहीयेत, पिशव्या उभ्या लावतायत, विक्रीला न्यावी तशा. मेलेल्यांना कशाला एवढं जपताय, असं तिने विचारलं. नवरा म्हणाला, अशी जास्त बसतात. तेही तिला पटलं. एका खेपेत जास्त बसली तर डिझेल वाचतं.

तिकडे पिशवीतलं झाड म्हणजे झाड नाही, हे वाक्य तिला सलत राहिलं. जाळी पुन्हा उभी करता करता तिने आजूबाजूच्या नर्सरीवाल्यांना गोळा केलं. एक म्हातारा फक्त गुलाब करायचा, एक नवरा-बायको भाजीची रोपं करायचे, आणखी पाचसहाजण होते. सगळ्यांनी हात टेकले होते. रोपाताईने त्यांना कचेरीत नेलं, एकदा नाही, कितीतरी वेळा. शेवटी कचेरीच्या मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्य अधिकाऱ्यांची, भेट झाली. त्या कडक होत्या पण कान उघडे ठेवून ऐकणाऱ्या होत्या. ज्या बागांना तुम्ही मदत देणार, त्या पुन्हा लावायला रोपं आमच्याकडूनच येणार ना, आम्हीच उठलो नाही तर बागा कशाच्या लावणार, एवढंच रोपाताईने विचारलं. मोठ्या बाईंनी वर कळवते म्हटलं, आणि खरंच कळवलं. दोन महिन्यांनी आदेश आला की नर्सऱ्यांनाही मदत मिळेल. मात्र जागेवर पाहणी होईल आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच नुकसान धरलं जाईल.

त्या दिवशी रोपाताईने हसरीला मिठी मारली. हसरी तशीच उभी राहिली, ताठ.

पाहणीचे साहेब आले तेव्हा नर्सरी झाडून-पुसून लख्ख होती. साहेब वयाने फार नव्हते, डोक्यावर टोपी, हातात फोन, बोलायला मऊ. नुकसान दाखवा म्हणाले. तिने फाटकी जाळी दाखवली, वाकलेले पाइप दाखवले. ते म्हणाले, आणि रोपं? समोर तर नव्या पिशव्यांच्या ओळी होत्या, कोवळ्या लिंबाच्या. रोपाताईने कपाळाला हात लावला, पण तिला हसूही आलं. अहो, ती तर माझ्या भावाच्या खड्ड्यात आहेत, चला, दोन मिनिटांवर आहे, दाखवते. आणि तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

"दादा, पाहणीचे साहेब आलेत. खड्ड्यातली रोपं दाखवायला आणतेय त्यांना."

दादा म्हणाला, "अगं, ती तर जाळली मी. बुरशी पसरेल म्हणून तूच घाबरवलं होतंस ना."

तिला आठवलं, आपण तसं म्हणालो होतो. तिने साहेबांना तसंच सांगितलं, माझीच चूक झाली, मीच घाई केली. हसरी मान खाली घालून माती चाळत होती. ड्रायव्हरसाहेब टेम्पोजवळ उभा राहून चाकाला पायाने दाबून बघत होता, हवा कमी असल्यासारखं. साहेबांना वाईट वाटलं. पण जे दिसत नाही ते लिहू कसं, असं ते म्हणाले, आणि जाळी-पाइप तेवढं लिहून गेले. मिळालं त्यात अर्धी जाळीही झाली नसती.

बाकीच्यांचं मात्र चांगलं झालं. गुलाबवाल्या म्हाताऱ्याने आपली मोडकी झाडं हलवायची ताकद नसल्याने तशीच पडू दिली होती. त्याला भरघोस मिळालं. तो तिच्याकडे येऊन बाकावर बसून रडला. भाजीच्या रोपांवाल्यांनी तिला फोन करकरून आशीर्वाद दिले. तिलाही मनापासून बरं वाटलं. रात्री जेवताना ती म्हणाली, लढले मी, आणि माझ्याच दारात माझा वेंधळेपणा नडला. नवरा भात कालवत राहिला.

वर्ष सरत आलं. नवे डोळे भरून झाले, फुटलेही. वहिनीने केव्हाचा पिवळा गुलाब मागून ठेवला होता, तो घेऊन रोपाताई एका सकाळी दादाकडे निघाली. नेहमीची वाट खणून ठेवली होती. दादाने नवी बोअर मारली होती आणि तिचे पाइप टाकायचं काम चाललं होतं. म्हणून ती टेकडीला वळसा घालून वरच्या रानातून गेली. त्या बाजूला ती कित्येक महिन्यांत फिरकली नव्हती.

वर चढून आली आणि थबकली. पडीक रानात आखून दिल्यासारख्या ओळी होत्या. ओळीत खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक वाळकी काटकी. काही काटक्यांना मात्र बुडातून फूट आली होती, हिरवी, काटेरी. लिंबाची फूट. ती वाकली. काटकीला निळी पट्टी होती.

आपल्या मनाचं काय सांगावं. पुढे कितीतरी दिवस तिला याचीच लाज वाटली, पण त्या क्षणी तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर दादाचं कौतुक. टाकवलं नाही ह्याच्याने. बहिणीची रोपं खड्ड्यात लोटवली नाहीत, म्हणून गपचूप लावली, जगली तर जगली. फोनवर जाळली म्हणाला ते आपल्याला आशा लागू नये म्हणून असेल. तिचे डोळे भरून आले. गारांच्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आता आलं. तिथे मातीत बसून तिने फुटलेल्या दोन-तीन रोपांभोवतीचं गवतही उपटलं.

वहिनी ओट्यावर बसून पाय चोळत होती. गुलाब बघून खूश झाली. रोपाताईने वरच्या रानाचा विषय काढला, तर वहिनी सहज बोलून गेली.

"ती बाग तर गारांनी गेली ना, वन्सं. तिचेच पैसे आले, त्यातून बोअर मारली. दाजींनी टेम्पोनं रोपं आणून दिली म्हणून पाहणीच्या आधी वेळेत लावून झाली. तुम्ही म्हणालात ना, कुणाला तरी उपयोग होऊ दे म्हणून? हे सांगत होते."

रोपाताई म्हणाली, हो. वहिनीच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं; तिला सांगितलं होतं तेवढंच ती सांगत होती. रोपाताईने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि ओट्यावरून उतरली. परत जाताना मात्र ती वरच्या रानातून गेली नाही. खणलेल्या वाटेने, चिखल तुडवत गेली.

ड्रायव्हरसाहेब टेम्पो धूत होता. ती समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, वरचं रान बघून आले. त्याने नळ बंद केला. पाइपातलं उरलेलं पाणी त्याच्या पायावर सांडत राहिलं.

"तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला.

"म्हणून विचारलंच नाहीत?"

मग तो बोलला, कधी नव्हे एवढं बोलला. तेव्हा नर्सरीला काही मिळणारच नव्हतं. दादा म्हणाला, वाया जाण्यापेक्षा निदान एकाच्या तरी पदरात पडू दे, घरातच राहील, तुम्हालाही वाटा देतो. रोपं मोडकीच होती. कुणाचं काय जाणार होतं? वाट्याचं पुढे काय झालं हे तिने विचारलं. त्याने मान हलवली. दादा आधी बोअरचं बघू म्हणाला होता, मग विषयच निघाला नाही.

"आणि साहेब आपल्या दारात उभे होते तेव्हा?"

"तेव्हा तोंड उघडलं असतं तर दादा आत गेला असता. टेम्पो माझा. मीही गेलो असतो."

"मी सगळ्यांसमोर म्हणाले, माझीच चूक. वर्षभर म्हणतेय. तुम्ही रोज ताटावर बसून ऐकलंत."

त्याने नळ पुन्हा सुरू केला. हातांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून. ती घरात गेली. त्याच्यासाठी जेवण वाढून ठेवलं आणि स्वतः नर्सरीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. काय सांगायचं हे तिने वाटेत मनात घोळवलं होतं. बाकावर बसली होती तोच पाहणीचे साहेब तिथून चालले होते. त्यांनी ओळखलं, हात जोडले, आत नेऊन खुर्ची दिली. तुमच्यामुळे केवढ्या नर्सरीवाल्यांना मदत मिळाली, असं म्हणून त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही तिची ओळख करून दिली. आणि मग हळहळत म्हणाले, "तुमच्या घरावर तर दुहेरी घाव. तुमच्या भावाची बागही आधी मीच पाहिली होती ना, ते तुमचे भाऊ हे मागाहून कळलं. नवी लावलेली सगळी बाग आडवी. बिचारे एकेक रोप हातात घेऊन रडत होते हो. मला फोटो काढायचीही लाज वाटली."

रोपाताई त्यांच्याकडे बघत राहिली. बोलायचं ते जिभेवर आलेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या एका वाक्यात टेम्पोही होता, आणि टेम्पोवर ज्याचं नाव होतं त्याचं जेवण ती सकाळी झाकून आली होती. साहेब म्हणाले, काही काम होतं का? ती म्हणाली, नाही, इकडून चालले होते म्हणून आत आले. पुढे कित्येकदा तिला वाटलं, बोलायला हवं होतं. कित्येकदा वाटलं, बरं झालं बोलले नाही. दोन्ही वाटणं तिच्यात अजून तशीच भांडत असतात.

तिथून ती थेट दादाकडे गेली. तो बोअरपाशी होता. नव्या पाइपातून पाणी धो धो पडत होतं आणि तो त्याखाली हात धरून उभा होता. तिला बघून हसला, ये म्हणाला, गोड लागलंय पाणी, पिऊन बघ. ती म्हणाली, मला सगळं कळलंय.

तो हसायचा थांबला. पण घाबरला नाही. असं काही तो मनात तयार ठेवूनच असावा. म्हणाला, "मोडकी होती ती. तू टाकूनच देणार होतीस. मी तुझं काही चोरलेलं नाही."

"मी टाकली तेव्हा कचरा होता. तू लावलीस तेव्हा बाग झाली. मग माझं जे मोडलं, ते काय होतं?"

"तुला काही मिळणार नव्हतं गं तेव्हा."

"आणि मिळणार होतं तेव्हा? मी फोन केला होता तुला. दोन मिनिटांवर उभी होते."

दादाने पाण्याकडे बघितलं. त्या वेळी उशीर झाला होता, असं तो म्हणाला. खड्डे बुजवता आले नसते, साहेबांनी ओळखलं असतं. वाट्याचंही तो बोलला. देणारच होता, बोअरला जास्त लागलं, खडक लागला. रोपाताईने ते मधेच तोडलं. वाट्यासाठी ती आलीच नव्हती.

"तू साहेबांसमोर रडलास म्हणे. माझ्या रोपांना हातात घेऊन."

आता मात्र त्याचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाला, "ते खोटं नव्हतं. तुझी निळी पट्टी लागली हाताला, आणि खरंच रडू आलं. तुझ्याच नुकसानाचं आलं. शपथेवर सांगतो."

तिला ते खरं वाटलं. हीच तर पंचाईत होती. याच्या पोटात माया नाही असं म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. माया होती. ती तशीच ठेवून त्याने हे केलं होतं.

"मग माझ्याजवळ येऊन रडायचं होतंस," ती म्हणाली. "मला तर रडू नकोस म्हणालास."

तो बस म्हणाला, वहिनीला चहा टाकायला सांगतो म्हणाला. ती निघाली. फाटकापाशी वळून तिने त्याला एवढंच सांगितलं की ती जी फुटलीत, ती जगण्यासारखी आहेत. त्यांना राहू दे. त्याने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी टेकडीमागून धुराचा लोट उठला. हसरी मातीची पाटी घेऊन चालली होती, ती थांबली, वर बघितलं, मग रोपाताईकडे बघितलं. रोपाताई हातातला डोळा चिरेत बसवत होती. तो बसवून, पट्टी गुंडाळून, गाठ मारून होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग तिने बघितलं. पांढुरका, ओल्या लाकडाचा धूर होता. हिरवं जळताना निघतो तसा. फोनवर जे खोटं सांगितलं होतं, ते दादाने आता खरं करून टाकलं होतं. तिने कधी बोट दाखवायचं ठरवलंच, तर दाखवायला काही उरू नये म्हणून. त्या रडण्यावर तिने दोन रात्री जो काही विश्वास ठेवला होता, तो तिथे संपला. हसरी जवळ आली. तिच्या तोंडून कधी कामाशिवाय शब्द निघायचा नाही. ती म्हणाली, "मला टेम्पो भरताना शंका आली होती, ताई. तुमचा भाऊ, म्हणून बोलले नाही." रोपाताई म्हणाली, तू तरी काय करणार. पण त्या दिवसापासून हसरीशी बोलतानाही तिच्या आवाजात एक अंतर आलं, आणि ते हसरीलाही कळलं.

बाहेरून बघणाऱ्याला फार काही बदललेलं दिसत नाही. ड्रायव्हरसाहेब अजून टेम्पो चालवतो, पण नर्सरीची रोपं त्यातून जात नाहीत. रोपाताई बाहेरची गाडी सांगते, जास्त पडलं तरी. त्याने एकदा विचारलं, असं किती दिवस? ती पिशव्या मोजत राहिली. आता चालकाशी बोलायचं नाही ही पाटी तिने लावून घेतली आहे, आणि त्यावर ती कुणाला विनोद सांगत नाही. त्याने एक दिवस आपण होऊन सगळ्या वाकलेल्या पाइपांना वेल्डिंग करून आणलं. तिने काम नीट झालंय म्हणून सांगितलं, कारण ते नीट झालं होतं.

मदतीच्या नियमात एक अट होती: ज्याला बागेचे पैसे मिळाले त्याने वर्षभरात बाग पुन्हा लावायची. साहेब बघायला येणार होते. दादाला आता खरीच रोपं हवी झाली. त्याने एका दलालाला तिच्याकडे पाठवलं. दलाल उगाच इकडचं-तिकडचं बोलत राहिला, पण रोपं कुठे जाणार हे तिने पहिल्या वाक्यात ओळखलं. तिने भाव सांगितला, जो सगळ्यांना तोच. आणि म्हणाली, ज्याला हवीत त्याने स्वतः येऊन घेऊन जावीत, बाकावर बसावं, मी मोजून देईन. दलाल गेला तो परत आला नाही.

पंधरवड्याने दुपारच्या उन्हात एक अनोळखी ट्रक नर्सरीसमोरून वळून टेकडीच्या वाटेला लागला. वर उघड्यावर रोपं खचाखच भरलेली, ना झाकण ना ओलं पोतं. पानं आतल्या आत वळायला लागली होती. संध्याकाळपर्यंत अर्धी माना टाकणार, हे तिला रस्त्यावरूनच दिसलं. असलं काही दिसलं की ती अनोळखी माणसालाही हाक मारून थांबवायची, पाण्याचा पाइप स्वतः ओढत न्यायची, पैसे घ्यायची नाही. ट्रकमागून दादा मोटारसायकलवर होता. त्याने तिला बघितलं आणि गाडी जराशी हळू केली.

ती वळली आणि आपल्या ओळीत शिरली. अजून बरेच डोळे भरायचे राहिले होते.